पोटातली पाहुणी

प्रिय ताई,

बांडगूळ? मी? तेही भावजींसमोर, पोरीसमोर? शाळेतून तिला आणायला एक दिवस अर्धा तास उशीर काय झाला, तू म्हणालीस, सात वर्षं बांडगुळासारखी चिकटलीयस, एवढं जड होत असेल तर नीघ. पण शब्द चुकलाच तुझा. कोण कुणावर जगतं, हे बघणं माझं रोजचं काम आहे, बाई!

आमच्या लॅबमध्ये काचेच्या बशीत अमीबा आहेत. एका पेशीचा जीव, ढिम्म. त्यांच्या पोटात जिवाणू राहतात. हे जिवाणू आधी रोग म्हणूनच शिरले होते. पुष्कळ अमीबा मेले, उरलेल्यांनी जमवून घेतलं. मी नवी होते, मॅडम रजेवर. सूक्ष्मदर्शकात ठिपके दिसले आणि मला वाटलं, लागण झाली! नको तिथे शहाणपणा केला, औषध घातलं. जिवाणू मेले, मी खूश. मग एकेक अमीबा गोळा होऊन तळाशी बसला. मॅडमनी बशी पाहिली, ओरडल्यासुद्धा नाहीत. अगं, आजार नव्हता तो, म्हणाल्या, संसार होता.

तुझ्यामाझ्या पेशींचंही तेच. दीड-दोन अब्ज वर्षांपूर्वी एका पेशीने दुसरीला गिळलं आणि पचवलंच नाही, असं मानतात. पाहुणी आत राहिली, घराला ऊर्जा पुरवायला लागली, आणि आपली बहुतेक जनुकं यजमानिणीच्या कपाटात ठेवून बसली. आता बाहेर काढलं तर ती जगत नाही. घरही जगत नाही.

मी तुझ्या बाळंतपणाला तीन महिन्यांसाठी आले होते. आता माझे कपडे तुझ्या कपाटात, भावजींचे मोजे कुठे ते मला ठाऊक, आणि पोरगी ताप आला की आधी मावशी म्हणते, मग आई. ते तुला लागतं, माहितीय मला. मलाही आवडतं, हे तुला माहीत नव्हतं.

दूरच्या एका लॅबने मला दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा नकार कळवला, तुला पत्ता लागू दिला नाही. ताईचं कसं होईल, असं स्वतःला सांगत होते. खोटं. घर तळाशी बसेल याची भीती नव्हती गं, बसणार नाही याची होती. काल त्यांचा तिसरा फोन आला आणि मी हो म्हणाले. उशीर त्यामुळे झाला. तेच सांगायला स्वयंपाकघरात आले, तर तूच आधी सुरू झालीस. तेव्हा तुझ्या बोलण्यावरून जातेय असं समजू नकोस, त्याच्या तासभर आधीच ठरलं होतं. एवढ्यासाठीच लिहिलं. पोरीचं खोकल्याचं औषध खिडकीत आहे, चमचाभरच दे, नाक दाबू नकोस. बाथरूममधला नळ बंद झाला, तुझी अंघोळ आटपली वाटतं. तू बाहेर आलीस तर मी राहीन. निघाले.

तुझीच,
धाकटी