पाहुण्याला तीन दिवस विचारू नये

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार (सध्या कागदावरच, कारण गुडघा वाकायला तयार नाही). तू कसा आहेस? प्रकृती कशी आहे? वहिनी कशा आहेत? त्यांचा रक्तदाब, तुमचा जिना, जिन्यातला तो कायम जळणारा दिवा, सगळं ठीक आहे ना? आणि तू कसा आहेस? हे दुसऱ्यांदा चुकून लिहिलेलं नाही. आमच्या अरबीच्या वर्गात पहिले दोन महिने आम्ही फक्त खुशाली विचारायला शिकलो. तिकडे म्हणे एकदा विचारून भागत नाही. माणूस पहिल्यांदा "देवाची कृपा" म्हणतो, दुसऱ्यांदाही तेच म्हणतो, म्हणून पुन्हा पुन्हा विचारायचं असतं. आमच्या बाई म्हणतात, चौथ्या खेपेला कधीकधी खरं उत्तर येतं. मी अजून दोनदाच विचारलं आहे. उरलेलं पुढे येईल.

तू जाऊन आज सतरा दिवस झाले. माझ्या वागण्याचा खुलासा करावा म्हणून हे पत्र लिहायला बसले. जाताना तू एवढंच म्हणालास, "बरं, निघतो. तू अभ्यासात आहेस." त्या वाक्यात राग होता की कीव, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. चार वर्षांत वर्षाला एक फोन, तोही पाऊसपाण्याबद्दल बोलून ठेवायचा, एवढाच आपला व्यवहार. आणि मग तू न कळवता दारात उभा राहतोस, तीन दिवस राहतोस, आणि तुझी सख्खी बहीण तुला कशासाठी आलास हे एका शब्दाने विचारत नाही. कुणाच्याही मनात येईल की बाई एकतर दगड आहे किंवा हिचं डोकं फिरलंय. दोन्ही नाही. त्यामागे शिक्षण आहे.

मी अरबी का घेतली हे तुला कुणी सांगितलं असेलच, आणि हसून सांगितलं असेल. साठी बुद्धी नाठी म्हणतात, मला अजून साठीला एक वर्ष कमी आहे. माझी एकतीस वर्षं इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीत गेली हे तू जाणतोसच. काय काम आहे, कुणाला भेटायचंय, कधीपासून दुखतंय, कागद आणलेत का, हे चार प्रश्न मी दिवसाला तीनशे वेळा विचारत होते. निवृत्तीच्या आदल्या वर्षी परदेशातून उपचाराला आलेल्या कुटुंबातली एक म्हातारी माझ्या खिडकीशी आली. बरोबरचे लोक औषधं आणायला गेले होते. ती अरबीतून काहीतरी सांगत राहिली, अर्धा तास, अगदी शांतपणे, आणि मी बोटाने जिना दाखवत राहिले. तिला जिना नको होता. काय हवं होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. ती गोष्ट डोक्यातून जाईना म्हणून निवृत्त झाल्यावर विद्यापीठात नाव घातलं. वर्गात एकोणीस-वीस वर्षांची सतरा मुलं आणि मी. त्यांनी माझं नाव पहिल्याच आठवड्यात "चौकशी" ठेवलं, कारण मी हात वर करून फार विचारते. (हे वाचून तुला काय वाटेल याची कल्पना आहे. पुढे वाच.)

अभ्यासाचं म्हणशील तर प्रगती आहे. पहिल्या दिवशी मी वही अरबीच्या रीतीने मागून उघडली आणि दुसऱ्या दिवशी सवयीने पुढून, त्यामुळे माझा पहिला धडा वहीत शेवटी आहे आणि दुसरा सुरुवातीला, आणि मधे कुठेतरी दोन्हींची टक्कर झाली आहे. काही अक्षरं घशाच्या तळातून काढावी लागतात. ती मी सकाळी गॅलरीत उभी राहून घोकते. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे कंपाउंडर खोकल्याचं औषध घेऊन वर आले. त्यांना समजावून सांगितलं, तर म्हणाले, "ते असू दे, पण झोपताना दोन चमचे घ्याच." मी घेतलं. उगाच माणसाला का दुखवा.

नमनाला घडाभर तेल झालं, आता मुद्द्यावर येते. तू आलास मंगळवारी संध्याकाळी सहाला. त्याच्या आदल्या गुरुवारी आमचा "अतिथी" हा धडा झाला होता. वाळवंटातल्या लोकांची जुनी रीत अशी की दारात पाहुणा आला तर त्याला तीन दिवस, तू कोण, कुठून आलास, काय काम काढलंस, असं काही विचारायचं नाही. खायला घालायचं, निजायला जागा द्यायची, मान द्यायचा. बोलायचं असेल तेव्हा तो बोलेल. मी हे ऐकलं आणि, दादा, खरं सांगते, मला रडू आलं. जिने जन्मभर लोकांना दारातच "काय काम आहे" म्हणून अडवलं, तिला कुणीतरी सांगतंय की न विचारणं हाही मान असतो. पुढच्या आठवड्यातल्या सोमवारी तोंडी परीक्षा होती, आणि तिच्या आधीच, मंगळवारी, तू दारात. मी मनात म्हटलं, धडा चालत घरी आला.

मी तुझं अरबीतून स्वागत केलं. तू मागे वळून पाहिलंस, मागे कुणी उभं आहे का म्हणून. मग कॉफी. तिकडे यजमान छोट्या पेल्यात घोटभर कॉफी ओततो, ती संपली की पुन्हा ओततो, आणि पुरे झालं की पाहुण्याने पेला हलवायचा असतो. हे तुला माहीत असायचं काही कारण नव्हतं, आणि सांगायचं मला सुचलं नाही. आईने आपल्याला पुढ्यात आलेलं टाकायचं नाही असं शिकवलेलं. त्यामुळे मी ओततेय, तू पितोयस, तू पितोयस म्हणून मी ओततेय. माझ्या हिशेबाने तेरा वेळा. शेवटी तू पेल्यावर हात ठेवलास, त्याचा अर्थ आमच्या पुस्तकात नव्हता, म्हणून मी थांबले. त्या रात्री तुला झोप लागली नाही त्याचं खापर मी कॉफीवर फोडलं.

दुसऱ्या दिवशी घड्याळाचं झालं. काही घराण्यांत म्हणे अशी रीत असते की पाहुण्याने एखाद्या वस्तूची तारीफ केली तर ती त्याला देऊन टाकायची. तू भिंतीकडे पाहून म्हणालास, घड्याळ छान आहे. मी स्टुलावर चढले (गुडघ्यासकट), घड्याळ काढलं आणि तुझ्या पिशवीत ठेवलं. दुपारी तू म्हणालास, ही खुर्ची पाठीला बरी आहे. मी दोरी शोधायला गेले. खुर्ची दाराशी बांधून ठेवलेली पाहिलीस तेव्हापासून तू कशालाच चांगलं म्हणाला नाहीस. जेवतानाही तोंडात मूग धरून बसलास. कदाचित तुला वाटलं असेल, बहीण आईच्या वस्तूंच्या वाटण्या करून आपल्याला मोकळं करतेय. देवाशपथ तसं नव्हतं. ते घड्याळ मी स्वतःच्या पैशांनी घेतलंय.

आणि आता त्या लिफाफ्याबद्दल. तू आलास तेव्हा तुझ्या काखेत मोठा चौकोनी लिफाफा होता. तुझ्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलेली होती, हाताने पाडलेली, वाकडी. तू तीन मजले चढून आलास आणि दर मजल्याला थांबलास, हे मला जिन्यातल्या पावलांवरून कळलं. माणूस जिना कसा चढतो त्यावरून त्याला कुठल्या विभागात पाठवायचं हे मला एकतीस वर्षांत न विचारता कळायला लागलं होतं. मी तो लिफाफा तुझ्या हातातून घेतला आणि कपाटावर ठेवला. पाहुण्याच्या सामानाची चौकशी करू नये म्हणून. बुधवारी सकाळी तू म्हणालास, "तुला एक सांगायचं होतं." मी म्हटलं, पाहुण्याने घाई करू नये, आणि दूध आणायला गेले. दूध घरात होतं. संध्याकाळी तू पुन्हा सुरुवात केलीस, मी तुला उजवीकडून तुझं नाव लिहून दाखवलं. गुरुवारी तू लिफाफा स्वतःच खाली काढलास आणि मांडीवर घेऊन बसलास, तेव्हा मी वर्गाला उशीर होतोय म्हणून उठले. गुरुवारी आमचा वर्ग दुपारी असतो, तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला तीन दिवस पूर्ण होणार होते. मी ठरवलं होतं, सहाच्या ठोक्याला विचारायचं. (ठोका कुठला, घड्याळ तुझ्या पिशवीत. हातातलं पाहून विचारणार होते.) वाक्यसुद्धा तयार केलं होतं, आधी अरबीत आणि मग मराठीत. तू चारलाच निघालास. गाडी साडेपाचची आहे म्हणालास. मी तुला जिन्यापर्यंत पोचवलं. तुझ्याबरोबर खाली मात्र आले नाही, कारण खाली येईपर्यंत तू दर मजल्याला थांबला असतास आणि मला तुझ्या शेजारी थांबावं लागलं असतं.

तर असा हा सगळा प्रकार. यात माझ्याकडून मान देण्यात कुठे कमी पडलं असेल तर ते पुस्तकाच्या मर्यादेमुळे, मनातून नव्हे, हे तू मोठ्या मनाने समजून घेशील अशी आशा आहे. वहिनींना नमस्कार. पत्राचं उत्तर सवडीने दे. आणि तू कसा आहेस?

तुझी धाकटी,
अभ्यासात असलेली

ता. क. घड्याळ दिवसाला चार मिनिटं मागे पडतं. भेट दिलेल्या वस्तूची खोड सांगावी की नाही यावर आमच्या पुस्तकात काही नाही, पण तुला औषधं वेळेवर घ्यायची असतील म्हणून सांगते.

आणखी ता. क. तू गेल्यावर आलेल्या सोमवारी माझी तोंडी परीक्षा झाली. विषय निघाला "पाहुणा". मी तुझीच हकिगत अरबीतून सांगितली, कॉफी, घड्याळ, तीन दिवस, काही गाळलं नाही. मुलं वाक्यावाक्याला हसत होती. बाई हसल्या नाहीत. मी संपवल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मराठीत विचारलं, हा पाहुणा तुमचा कोण? म्हटलं, भाऊ. त्या म्हणाल्या, "अहो, तो नियम परक्यासाठी असतो. घरच्या माणसाला दारातच विचारतात." मला वीसपैकी अठरा गुण मिळाले, वर्गात सर्वांत जास्त.

शेवटचं ता. क. दादा, हे पत्र तीन वेळा फाडून चौथ्यांदा लिहिलं, आणि अजून खरं ते लिहिलेलं नाही. बाईंनी नवीन काही सांगितलं नव्हतं. घरी येऊन वही उघडली, तर "अतिथी"च्या धड्याखाली माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, "फक्त अनोळखी माणसासाठी". खाली दोन रेघा मारलेल्या आहेत. तू येण्याच्या पाच दिवस आधी मी ते लिहिलं होतं. मला माहीत होतं. मी पुस्तकाच्या आडोशाला लपले, कारण तू तोंड उघडशील आणि मग ते खरं होईल, याची मला भीती वाटली. फोन सहा वेळा लावला आणि तू उचलायच्या आत ठेवला. आईच्या वेळी तू मला शेवटच्या आठवड्यापर्यंत सांगितलं नाहीस. तुला त्रास नको म्हणून, असं म्हणालास, आणि मी सगळ्यांसमोर तुला नाही नाही ते बोलले आणि चार वर्षं तुझ्याशी धड बोलले नाही. या खेपेला तू सांगायला घरी आलास, तर मी ऐकलं नाही. तुझ्याहून मी वाईट वागले. माझी चूक झाली, तेव्हाही आणि आत्ताही. शनिवारी पहिल्या गाडीने येते आहे, दहापर्यंत पोचेन. राहायची तयारी करून येते, किती दिवस ते वहिनी ठरवतील. दार तूच उघड. काय झालंय तुला, ते पहिल्यापासून सांग, डॉक्टर काय म्हणाले तेही सांग. मी मधेच उठायला लागले तर हात धरून बसव, आणि रडायला लागले तरी सांगायचं थांबू नकोस.