पाच सवाऱ्या

१४ डिसेंबर, शनि.
बंगळूरला सहा महिने राहून लिहायला जागा देतात, त्याचा फॉर्म अर्धा भरला. नाव, वय, शिक्षण, काय काय छापून आलं (दोन कविता, एक अर्धी कथा). 'मूळ गाव' ला अडकलं. एका शब्दाची चौकट.
पप्पांना विचारलं. पेपरातून मान न काढता म्हणाले, "अणदूर लिही." मग पान उलटून, "न्हायतर धाराशिवच लिही. तिकडं काय ऱ्हायलंय आता."
चौकट तशीच.
नवा प्रयोग: महिनाभर 'मी' शब्द न वापरता रोजनिशी. आला तर पान फाडायचं.

१७ डिसें., मंगळ.
मम्मीनं स्वयंपाकघरातली फळी पुसायला काढली. लोणच्याच्या बरणीमागं पप्पांची जुनी कंडक्टरची चामडी पिशवी. आत पाच दगड, मुठीएवढे, चुन्याचे पोपडे धरलेले. आमचे पांडव.
अणदूरचं दोन एकर रान नऊ वर्षांपूर्वी शेजारच्या रानाच्या बब्रुवानकाकांना विकलं. कुणी मेलं नव्हतं, कुठं अडलं नव्हतं. पप्पा एसटीत, रोज वेगळ्या गावी मुक्काम, रान पडीक पडायला लागलं. इथं धाराशिवला घर बांधायचं होतं. विकलं. पण वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, रानात कडब्याच्या कोपीत, म्हणजे छोट्या खोपटात, जे पाच दगड पुजतात ते रानाचे असतात. मालक बदलला तरी ते तिथंच ठेवायचे. पप्पांनी ते पिशवीत घालून आणले.
तेव्हापासून आमची येळवस गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ. कडब्याच्या चार पेंड्यांची कोप. पुढं तुळस, कोरफड, फुटक्या बादलीतला मोगरा. एवढं शिवार.
मम्मी फळी पुसता पुसता, "मला तर दुसऱ्याचे देव डांबून ठेवल्यावानी वाटतंय."

२० डिसें., शुक्र.
बब्रुवानकाकांचा फोन. दर साली येळवशीला बोलवायला येतो. दर साली पप्पांचं एकच उत्तर, "ड्यूटी हाय ओ." खोटं नसायचं. त्या दिवशी अख्खा जिल्हा रानात, बस रिकाम्या पळतात, आणि पप्पा ती ड्यूटी मागून घ्यायचे. जूनमध्ये रिटायर झाले. यंदा ड्यूटी नाही.
पप्पा अंघोळीला. फोन उचलला.
"कोण, ताई व्हय? तीस तारखेला येळवस हाय. येतावं का न्हाय?"
"येतो की काका. सगळे येतो."
 मग, "पांडवबी आना बरं. आमची आई लई म्हणती, त्यांच्या जागंवर त्यांना बसू द्या."
मी बोलले. पप्पांना न विचारता. मीच.
('मी' आला. पान फाडत नाही. प्रयोग गेला खड्ड्यात.)

२१ डिसें.
पप्पा: "कुणाला इचारून?"
उत्तराची वाटही न बघता,
"इकलेल्या रानात पाव्हणा म्हणून जायचं? माझ्याच बांधावर मला कुणीतरी 'या, बसा' म्हणायचं?"
दिवसभरात एवढंच. जेवताना अजून एक वाक्य, "भाजीत मीठ कमी हाय."
सकाळपासून एक कथा उघडून बसलेय. पप्पांच्या बांधाच्या वाक्यापुढं तिच्यातलं एकही वाक्य उभं राहीना.

२४ डिसें., मंगळ.
पप्पा डेपोत जाऊन आले. आले ते सरळ आडवे. मम्मीकडून कळलं: सोमवारी एखादी ड्यूटी मिळती का विचारायला गेले होते. रिटायर माणूस. तिकडं हसले. "मास्तर, आता तुम्ही तिकीट काढून बसायचं."
मलाही हसू आलं. मग नाही आलं. आपल्या रानात जायला लागू नये म्हणून माणूस फुकट राबायला निघालाय.
काकांना फोन करून 'येत नाही' सांगावं का? नंबर काढला. लावला नाही.

२७ डिसें., शुक्र.
गच्चीवर कपडे काढायला गेले तर पप्पा डब्यात चुना कालवत बसलेले. पाच दगड धुऊन उन्हात. चुना गच्चीसाठी का रानासाठी, विचारायची हिंमत झाली नाही.
"फॉर्म भरला का ग?"
"मूळ गावाला अडकलाय."
एक दगड रंगवून झाला. दुसरा घेतला.
"आपला खंडोबा बघ. काही महिने अणदूरला, काही महिने नळदुर्गाला. आत्ता नळदुर्गालाच हाय. न्यायच्या वेळी दोन्ही गावची माणसं कागद करत्यात, परत पाठवायचा म्हणून. त्याला इचार जा, मूळ गाव कंचं."
"मग तुम्हीबी काकांकडनं कागद करून घ्यायचा की."
ब्रश थांबला. लई बोलले मी. कपडे घेऊन खाली आले. दोन टॉवेल वरच राहिले.

२९ डिसें., रवि.
मम्मीनं तिळाच्या पोळ्या केल्या, शेजारीपाजारी वाटून उरतील एवढ्या. कुठं न्यायच्यात ते ती बोलत नाही, मी बोलत नाही.
दर साली आदल्या दिवशी पप्पा कडब्याच्या चार पेंड्या आणतात. आज संध्याकाळपर्यंत आणल्या नाहीत. गच्ची मोकळी.
आशा ठेवावी का, की नुसता विसर...

३० डिसें., सोम. येळवस
आठची नळदुर्ग गाडी. पप्पा खिडकीशी, चामडी पिशवी मांडीवर. गाडीत आम्ही तिघं आणि एक म्हातारं जोडपं. कंडक्टर पप्पांच्या ओळखीचा.
"मास्तर, पिशवी सुटंना व्हय अजून? काय हाय आत?"
"पाच सवाऱ्या हायत. फुकट."
रानात काकांनी कोप बांधून ठेवलेली, वरून शाल. आत सारवलेली जागा मोकळी. नऊ वर्षं पुजलेले त्यांचे स्वतःचे दगड बाभळीखाली सरकवलेले.
"मांडा," काका.
"तुम्ही मांडा. मालक तुम्ही."
"रानाचा मालक म्या. ह्यांचा कोण ते तुम्हाला ठाव."
पप्पांनी मांडले. एकेकाला दोनदोनदा हलवून.
मग आंबील शिंपडत रानाला फेरी. काका पुढं निघणार, तर पप्पांचे पाय आधीच निघालेले. वळायचं तिथं बरोबर वळले आणि थांबले.
"हितं बांध व्हता." दोन्ही रानांच्या मधला.
"काढला मागच्या साली. दोन वळी ज्वारी वाढली."
मला वाटलं, झालं. इथूनच माघारी.
पप्पांनी चपलेनं माती दाबून बघितली. "बरं केलं. मलाबी काढायचाच व्हता."
आणि पुढं चालायला लागले. ज्वारी त्यांच्या खांद्याला लागत होती.
जेवायला सतरा भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबट भात, आंबील. काकू वाढायला. "नऊ वरसांचं वाढप हाय मास्तर. न्हाय म्हणायचं न्हाय." पप्पांनी पाच वेळा आंबील घेतली. मोजली मी.
काकांनी हायवेवरनं एका ट्रकवाल्याला हात करून बोलावून आणलं. बीदरचा. त्याच्या गावीही आज हाच सण, आणि तो रस्त्यावर. त्याला आधी पत्रावळ दिली. मग नाव विचारलं. गाव तर सगळ्यात शेवटी, हात धुताना. फॉर्मवाल्यांना हा क्रम कळवायला पाहिजे.
निघताना पप्पा एकटेच कोपीत वाकले. पिशवीचं बटण वाजलं. काका आलेच.
"पाचवा कुठं निघाला?"
"आपला कागद झाला न्हाय अजून. ह्योच कागद."
काकांनी कोपीत राहिलेल्या चार दगडांकडं बघितलं. "म्हंजी पुढच्या साली तुम्हाला यायलाच लागतंय."
"बघू," पप्पा म्हणाले. पण हसले.
परतीला तोच कंडक्टर. "उतरल्या का सवाऱ्या?"
"चार उतरल्या. एक माघारी."

२ जाने., गुरु.
फळीवर लोणच्याच्या बरणीमागं नाही, बरणीच्या पुढं एकच दगड. मम्मी म्हणाली, "ह्यो एकटा हितं काय करतोय?" पप्पा म्हणाले, "असू दे. थांबलाय."
फॉर्म पाठवला. चौकटीत एकच शब्द मावतो. मी दोन गावं लिहिली, दुसरं जरा बाहेर गेलं. घेतात का बघू.
पप्पांनी चहा पिता पिता विचारलं, "बंगळूरचं कधी सरतंय तुझं?"
"निवड व्हायचीय अजून पप्पा."
"झाली तर?"
"झाली तर नोव्हेंबरात."
त्यांनी बोटांवर महिने मोजले, टाइमटेबल बघितल्यासारखे.
"मग येळवस गावती."