परड्यातला ओंडका आणि रोजचे दोन फोटो

मी, खाली सही करणार शांतिनाथ भाऊसो मगदूम, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण सातवी (परीक्षेला बसलो होतो), पूर्वीचा धंदा सांगलीच्या हळद पेठेत तोलाई, राहणार सांगलीवाडी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. शेजारी लालासाहेब तो दाखला वाचून "डॉक्टर नवीन दिसतोय" असे म्हणाले, ते मृत्युपत्राचा भाग समजू नये. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पत्नी आक्काताई मागे बसल्या आहेत, पण त्या तांदूळ निवडत आहेत.

१. सगळ्यात आधी हे. मी कशानेही मेलो तरी अळंबीने मेलो नाही. आम्हा जैनांत अळंबी खात नाहीत. मी जन्मात खाल्लेली नाही, चुकून बोट लागले तरी साबणाने धुतो. मी फक्त फोटो काढतो. माझ्याजवळ अळंबी उगवलेली दिसली तर ती आधीपासून तिथेच होती असे समजावे व उगाच पोट फाडू नये.

२. राहते घर आणि बँकेतली ठेव आक्काताईंना, त्यांच्या मागे चिरंजीव जिनेंद्रला. पेठेतला पितळी तराजूही जिनेंद्रला. "पुण्याच्या फ्लॅटमध्ये कुठं टांगू आप्पा?" असे तो म्हणाला. ते त्याने बघावे. फक्त सूनबाई प्रीतीने त्याच्या पारड्यांत झाडे लावू नयेत. मला तिची नजर दिसली आहे.

३. फोटोंचा खुलासा. जिनेंद्र पुण्याला गेला तेव्हा मला मोबाईल देऊन म्हणाला, "रोज सकाळी घरातला एक फोटो पाठवा, म्हणजे तुमी दोघं बरे हाय एवढं कळंल." घरात रोज नवीन काय असणार? आक्काताई भाकरी थापताना, आक्काताई कपडे वाळत घालताना, आक्काताई माझ्यावर चिडलेल्या. म्हणून मी जोडीला घरामागच्या परड्यातल्या अळंबीचा एक फोटो घालू लागलो. ती एका रात्रीत येते आणि दुपारी मान टाकते, त्यामुळे रोज काहीतरी बातमी असते. उन्हाळ्यात मात्र ओंडक्यावर कानासारखी वाळकी बुरशी तेवढी राहते. तिचे फोटो मी महिनाभर पाठवले. प्रीतीने विचारले, "आप्पा, हे कालचंच आहे का?" कालचे नव्हते. उजेड वेगळा होता.

४. सदर ओंडका आंब्याचा असून तो २०१९ च्या महापुरात लालासाहेबांची भिंत पाडून आमच्या परड्यात येऊन बसला. लालासाहेब म्हणतात तो पाटणकडून वाहत आला आणि भिंत त्यांची पडली म्हणून अर्धा ओंडका त्यांचा. मी सांगतो, ओंडका जिथे थांबला तिथला. त्यांना लाकूड नको आहे. त्यांना अळंबीचे कालवण पाहिजे आहे. "शांतिनाथ, गड्या, मिल्ट्रीत साप दिसला तरी आमी भ्यालो न्हाई. माझ्या नावानं निदान पावशेर तरी लिही." मी लिहीत नाही. स्वतः खायचे नाही आणि दुसऱ्याला खायला द्यायचे, हे आमच्या धर्मात बसत नाही. शिवाय त्यातली विषारी कोणती हे मला कळत नाही, आणि त्यांना तर त्याहून कळत नाही.

५. आता बदनामीचे. गेल्या वर्षी पर्युषणात मी रोजच्यासारखे दोन फोटो काढले. एकात ओंडक्यावरची पांढरी टप्पोरी अळंबी, दुसऱ्यात आक्काताई तव्यावर काहीतरी परतताना. ते घरच्या ग्रुपऐवजी समाजाच्या ग्रुपवर गेले, खाली "आजचे" असे लिहून. तव्यात दोडका होता. पण बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, दर्शनाला गेल्यावर बायका आक्काताईंच्या पूजेच्या ताटापासून सरकून बसल्या. गैरसमज नको म्हणून दुसऱ्या दिवशी मी खुलाशाचा फोटो टाकला. अळंबी केवढी लहान आहे हे दिसावे म्हणून शेजारी वाटी आणि चमचा ठेवला होता. त्यानंतर आक्काताई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. वाटी अजून वेगळी ठेवली आहे. ती कोणालाही द्यावी.

६. मुख्य कलम. यंदा श्रावणात आक्काताई ओंडक्यापाशी शेवाळावरून घसरल्या. मनगट सुजले. तेव्हापासून त्या आणि जिनेंद्र एक झाले आहेत. ओंडका काढायचा आणि सगळ्या परड्यात कोबा करायचा, असे त्यांचे ठरले आहे. गवंडी येऊन माप घेऊन गेला. तो मापे घेत होता तेव्हा मी त्याच्या पायाखाली बघत होतो, एक तरी अळंबी मोडणार, आणि मोडलीच. म्हणून हे लिहितो, की माझ्या मागे परड्याचा ओंडक्याकडचा कोपरा तसाच ठेवावा, बाकी ठिकाणी पाहिजे तर कोबा करावा, आणि मोबाईल आक्काताईंनी घेऊन रोजचे दोन फोटो चालू ठेवावेत. घरातल्या फोटोत कोण येणार ते त्यांनी ठरवावे.

७. इथपर्यंतचे मी आक्काताईंना वाचून दाखवले. त्यांनी सूप खाली ठेवले.

"आवं, समदं तुमी आधी जाणार असं धरूनच लिवलंय. मी आधी गेले तर?"

हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मला पाणी प्यावे लागले. मग मी पुढील कलम घातले: "आक्काताई आधी गेल्यास ओंडका काढून सगळीकडे कोबा करावा, मला विचारू नये. घरातला फोटो कोणाचा काढायचा? आणि एकट्या अळंबीचा पाठवून काय करायचे?"

तेही वाचून दाखवले.

"खोडा ते," आक्काताई म्हणाल्या.

"कोबा तर तुलाच पाहिजे होता."

"मी हाय तवर पाहिजे. मी गेल्यावर तुमी सकाळी उठून जाणार कुठं? अंथरुणातच बसून ऱ्हाशीला. परड्यापतूर तरी चालत जाशीला." सूप परत हातात घेऊन म्हणाल्या, "आणि आताच गवंड्याला फोन करून सांगा, ओंडक्याकडं यायचं न्हाई म्हणून. न्हाईतर उद्या इसराल."

त्यांच्या सांगण्यावरून वरील अवतरणातील कलम खोडले असून बाजूला दोघांची सही केली आहे. गवंड्याला फोन केला. तो म्हणाला, बरं.

८. वकिलांचा सल्ला असा, की ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करू नये. त्यामुळे लालासाहेब साक्षीदार म्हणून अगदी योग्य आहेत.

लिहून देणार: शांतिनाथ भाऊसो मगदूम
साक्षीदार: १) लालासाहेब अर्जुना पवार, माजी सैनिक (सही केली, पण पावशेराबद्दल नाराज आहे)
२) रंगुबाई जोतिबा सुतार, दूधवाल्या (अंगठा)
ठिकाण: सांगलीवाडी, ता. मिरज, जि. सांगली
तारीख: १४ सप्टेंबर २०२५, सकाळी, दोन्ही फोटो पाठवून झाल्यावर