दुसरी बाटली

अहो,

काल स्पेनहून परत आले. कुलूप उघडलं, बॅग खाली ठेवली आणि सवयीनं म्हणाले, "आले हो." आतून कुणी काही विचारलं नाही. म्हणून आज लिहायला बसले. जे सांगायचंय ते तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

मीनल दिवसभर ऑफिसात. लेकीच्या घरात बसून कंटाळा आला, म्हणून एक दिवस तिची सायकल काढून खेड्यांकडं निघाले. एकटीच! खरं वाटतंय का तुम्हाला? दर रविवारी आपण वेरूळला जायचो तेव्हा दौलताबादच्या घाटात तुम्ही पुढं, मी मागं. इतकी वर्षं मी रस्ता असा पाहिलाच नाही, तुमची घामानं भिजलेली पाठ पाहिली. तिथं पुढं कुणीच नव्हतं. कापणी झालेली गव्हाची रानं, बदामाची झाडं आणि कोरडा वारा. मोठ्यानं बोलून पाहिलं, तर माझाच आवाज मला परका वाटला.

लहान लहान गावं लागत होती. मला शब्द येत होते तीनच. ओला म्हणजे नमस्कार, आग्वा म्हणजे पाणी आणि दोंदे म्हणजे कुठं. दोंदे, दोंदे करत मी पुढच्या गावचा रस्ता विचारायची. माणसं हसून हातानं दाखवायची, की झालं. वेरूळच्या टपरीवर तुम्ही सगळ्या जगाशी गप्पा मारत बसायचात आणि मी "निघायचं का आता?" म्हणून चिडायची. आता चिडू कुणावर?

भर दुपारी पाणी संपलं. मी एकच बाटली घेतली होती. का, ठाऊक आहे? दुसरी नेहमी तुमच्या सायकलला असायची! माझ्या सायकलला बाटलीचं आणखी एक स्टँड लावा म्हटलं की तुमचं ठरलेलं उत्तर, "मी आहे ना." बघा आता!

त्या गावांत दुपारी सगळे दारं-खिडक्या लावून घेतात. दुकानाचं शटर खाली, हॉटेलच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या. जीव घाबरा झाला. एका उंबऱ्यात एक म्हातारा बसला होता. त्याला आग्वा म्हणाले, तर त्यानं टेकडीवरच्या पांढऱ्या भिंतीकडं बोट केलं.

वर गेले तर लोखंडी फाटक आणि आत क्रूसच क्रूस. स्मशान! पाय अडले. पण आत नळ दिसत होता. नळाजवळ एक आजी फडकं पिळून थडग्याचा दगड पुसत होत्या आणि पुसता पुसता त्या दगडावर तणतणत होत्या, मी तुमच्यावर तणतणायची अगदी तशाच. माझी बाटली त्यांनीच भरून दिली. मी घटाघटा प्यायले. मग त्यांनी दगडावरचा नवऱ्याचा फोटो दाखवला आणि माझ्याकडं बघून 'तुझाही?' अशा भुवया उंचावल्या. मी होकाराची मान हलवली. तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "दोंदे?"

मला सांगताच आलं नाही हो. मला कुठं माहीत आहे? तुम्हाला नेलं तेव्हा गल्लीच्या कोपऱ्यावर मोठ्या जाऊबाईंनी माझा दंड धरला. "बायका जात नसत्यात तिथं. चल, माघारी फिर." मी फिरले. अस्थी पुतण्यानं पैठणला नेल्या. आयुष्यभर तुमच्या मागून आले आणि त्याच दिवशी तेवढं येता आलं नाही. तुम्हीही कसे? घाटात दर वळणावर थांबायचात, त्या दिवशी एकदाही थांबला नाहीत!

परक्या देशात, परक्या माणसांच्या स्मशानात बसून मी रडले. आजींनी ओल्या हातानं माझा हात धरून ठेवला. माझं रडणं होईपर्यंत सोडला नाही.

आज दुपारी माझ्या सायकलला दुसरं स्टँड लावून घेतलं. उद्या रविवार. वेरूळला निघण्याआधी आपल्या स्मशानाशी सायकल थांबवून मी आत जाणार आहे. तिथं जो कुणी असेल त्याला विचारेन, तुम्हाला कुठं ठेवलं होतं. जाऊबाईंना कळलं तर कळू दे. एक बाटली त्या जागेवर ओतून रिकामी करेन. दुसरी घाटासाठी ठेवेन. घाट एकटीनं चढेन, कुठंही मागं फिरणार नाही, हा शब्द देते.

तुमच्या मागून येणारी,
सुमन