सोडा कुणी हलवला

आत्याबाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या फोटोची काचसुद्धा एकदा बदलून झाली, आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. भांडण जुनंच आहे, तुमच्या स्वयंपाकघरातलं, सोड्याचं. तुम्ही होता तेव्हा एकदाही धड भांडता आलं नाही. तुम्ही बोलायच्या आणि मी पदराला हात पुसत उभी राहायची, तेच आपलं भांडण. आता तुम्हाला मध्ये तोंड घालता येणार नाही, म्हणून म्हटलं आज होऊन जाऊ दे.

कारखान्याच्या क्वार्टर्समधलं ते स्वयंपाकघर आठवून बघा. गडहिंग्लजकडची मी, बेंगळुरात लग्न होऊन आले तेव्हा मला ना कन्नड येत होतं, ना तुमच्या घरची रीत. तुम्ही वाईट शिकवलंत असं मी म्हणणार नाही. पण तुमचं शिकवणं म्हणजे, ‘माझ्या हाताकडे बघ.’ हात तर तुमचा विजेसारखा. फळीवरचे डबेही सगळे सारखेच, लहान मुलांच्या दूध पावडरीचे, कागद काढून घासलेले, आत काय आहे ते तुम्हाला वासावरून कळायचं. मला कळायचं नाही. फळ्या कडप्प्याच्या, काळ्या कुळकुळीत, अगदी पाटीसारख्या. चौथीपर्यंत शिकलेल्या पोरीला पाटी दिसली की हात शिवशिवतो. मी खडूनं फळीच्या कडेवर लिहायला लागले, प्रत्येक डब्याखाली, त्यात जे असेल ते. मेथी. ओवा. खायचा सोडा. धुण्याचा सोडा. धाकटी जाऊ वाचता येणारी होती, तीही खूश. म्हणायची, ‘अक्का, आता झाकणं उघडून हुंगायला नको.’ तुम्ही ते बघून न बघितल्यासारखं केलंत.

मग नणंदेला बघायला हुबळीची माणसं आली तो दिवस. मला अजून तो दिसतो. तुम्ही सकाळपासून पदर खोचून उभ्या आहात, पाहुणे आत डोकावतात म्हणून फळी लावताय. तुमचा नियम एकच, उंच डबा डावीकडे, ठेंगणा उजवीकडे, शाळेच्या रांगेसारखे. खायच्या सोड्याचा डबा धुण्याच्या सोड्याच्या डब्यापेक्षा नखभर उंच. तेवढ्या नखासाठी तुम्ही दोघांच्या जागा बदलल्यात. खाली कडेवर खडूची अक्षरं होती तशीच राहिली. तुमच्या लेखी तो डाग होता, आणि डाग पुसायला वेळ नव्हता. मी आतल्या खोलीत नणंदेच्या निऱ्या धरतेय. भजीचं पीठ जाऊ भिजवतेय. ती वर बघते, ‘खायचा सोडा’ वाचते, वरचा डबा काढते आणि चिमूटभर सोडा टाकते. भजी तळून आली ती विटेसारखी लाल. मुलाच्या आईनं एक तोंडात घातलं, बशीत काढून ठेवलं आणि शांतपणे विचारलं, ‘अहो बाई, भजी तळलीत की धुतलीत?’

ते हसले, आपण हसलो नाही, आणि स्थळ गेलं. पाहुणे फाटकाबाहेर पडायच्या आत तुम्ही स्वयंपाकघरात आलात. ‘सोडा कुणी घातला?’ जाऊ म्हणाली, ‘अक्कांनी लिहिलंय तसं घातलं.’ तुम्ही माझ्याकडे वळलात. ‘लिहिलं कुणी?’ मी म्हटलं, ‘आत्याबाई, डबे हलले...’ ‘डब्यांना पाय आहेत? मी विचारते, लिहिलं कुणी?’ मी म्हटलं, मी. ‘चार बुकं शिकून आली आणि माझ्या लेकीचं स्थळ धुऊन टाकलंन,’ असं तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, सासरे होते, हे होते, नणंद नेसल्या साडीत दारात उभी होती. मग ओलं फडकं घेऊन फळीची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसलीत. ‘या घरात परत अक्षर दिसता कामा नये.’

दिसलं नाही. खडू गेला. नंतर मी वाण्याची यादीसुद्धा तोंडीच सांगायला लागले. पोरांच्या वह्यांवर नावं घालायची तर यांना सांगायची. नणंदेला पुढे धारवाडचं चांगलं स्थळ मिळालं, ती सुखात नांदली, भजीचा विषय निघाला की तीच पोट धरून हसायची. घरात सगळे विसरले. तुम्हीही विसरला असाल. माझी चौथीची अक्षरं मात्र त्या फडक्यात गेली ती गेली. हे पानही मी कसं लिहितेय ते माझं मला माहीत, जोडाक्षर आलं की पेन थांबतं.

आता तुम्ही म्हणाल, इतक्या वर्षांनी सोडा कुठून उपटला. सांगते. मी आता नातीकडे असते, एचएसआर लेआउटला, चौथ्या मजल्यावर. ही तुमच्या थोरल्या नातवाची लेक. कंपनी कोरमंगलाला, पण निम्मं काम घरूनच, डायनिंग टेबलावर. काम काय, तर ती म्हणते फॉर्मॅटर. मी म्हटलं, मला समजेल असं सांग नाहीतर सांगू नकोस. तेव्हा म्हणाली, ‘आज्जी, कंपनीत खूप जण कोड लिहितात, म्हणजे कॉम्प्युटरला सांगायच्या गोष्टी. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कुणी ओळ लांबलचक ओढतो, कुणी जागा सोडतो, कुणी सोडत नाही, मग त्यावरून भांडतात. माझा फॉर्मॅटर ते सगळं घेतो आणि एकाच पद्धतीनं मांडून देतो. अर्थाला हात लावायचा नाही, फक्त मांडणी बदलायची.’ मी म्हटलं, म्हणजे फळी लावायची. ती म्हणाली, ‘हो, तसंच समज.’

पण खरी डोकेदुखी कॉमेंटची, म्हणाली. कोडमध्ये मधे मधे माणसं माणसांसाठी चिठ्ठ्या लिहून ठेवतात. हे असं का केलंय, हे काढू नका, इथे जपून. कॉम्प्युटर त्या वाचत नाही, त्याला त्यांचं काही पडलेलं नसतं. फॉर्मॅटर ओळी उचलतो, मोडतो, लावतो, आणि चिठ्ठी मधेच लोंबकळत राहते. ती वरच्या ओळीची की खालच्या, हे ठरवायचं कुणी? मी भेंडी चिरत होते. पण आत्याबाई, मला तुमची फळी दिसली.

मागच्या महिन्यात एका सकाळी शाळेच्या बसची वेळ सांगणारं ॲप मुकं झालं. आमच्या खालची बाई गेटपाशी मुलाचं दप्तर धरून उभी, बस येते की गेली ते कळेना, रस्ताभर तशाच बाया उभ्या. ते ॲप नातीच्याच कंपनीचं. झालं होतं असं की कोडमध्ये एक यादी होती, तिच्यातल्या एका ओळीवर कुणीतरी चिठ्ठी लिहिली होती, ‘ही ओळ काढू नका’. नातीच्या फॉर्मॅटरनं यादी अक्षरांच्या क्रमानं लावली. ओळ गेली खाली, चिठ्ठी राहिली वर, भलत्याच ओळीच्या डोक्यावर. दुसऱ्या एकानं साफसफाई करताना चिठ्ठी वाचली, तिच्याखालची ओळ जपून ठेवली आणि नको वाटली ती काढून टाकली. जी काढू नये तीच काढली.

दहा वाजता लॅपटॉपवर मीटिंग लागली. नातीचं त्याच महिन्यात टीम लीड व्हायचं घाटत होतं, फॉर्मॅटरच्या जोरावरच. ती तोंड बारीक करून बसलेली. ही माणसं बोलतात इंग्रजीत, पण दोष द्यायची वेळ आली की कन्नडवर येतात, आणि कन्नड मला आता तुमच्यापेक्षा चांगलं येतं. त्यांचा साहेब म्हणाला, ‘आ कॉमेंट बरेदवरु यारु?’ आत्याबाई, हा तुमचाच प्रश्न. लिहिलं कुणी? लिहिणारी एक कॉन्ट्रॅक्टवरची बाई होती, दोन मुलांची आई, तीही मीटिंगमध्ये होती. तिनं हळूच म्हटलं, मी. साहेब म्हणाला, अशा चिठ्ठ्या लिहिताच कशाला, गोंधळ होतो, यापुढे यादीत चिठ्ठी दिसली तर फॉर्मॅटरनं ती काढूनच टाकावी. ती बाई सॉरी सॉरी करायला लागली. नात गप्प. तिला माहीत होतं कुणी हलवलं ते, आणि ती गप्प.

मी ओट्यापाशी होते. हातात झारा. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘अगं, लिहिणारीचं काय चुकलं? हलवलं कुणी ते विचार की!’

नात किंचाळली, ‘आज्जी, मी म्यूटवर नाहीये!’

 मग साहेबाचा आवाज आला, ‘अज्जी एनु हेळ्तिद्दारे?’ आज्जी काय म्हणताहेत? नातीनं माझ्याकडे बघितलं. तिला काहीही सांगता आलं असतं. दूध उतू गेलं म्हणतेय, बाईला हाक मारतेय, काहीही. तुमच्यासमोर मी असंच काहीतरी सांगून सुटले असते. ती एक क्षण थांबली आणि तिनं माझं वाक्य जसंच्या तसं त्यांच्या भाषेत सांगितलं. वर आपलं जोडलं, ‘आणि अज्जी बरोबर बोलताहेत. चिठ्ठी बरोबर लिहिली होती. माझ्या फॉर्मॅटरनं हलवली. चूक माझी आहे.’

लीड दुसऱ्याला केलं. नात दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘तुझ्यामुळे झालं.’ मी म्हटलं, ‘माझ्यामुळे कसं? मी नुसती बोलले. भाषांतर तू केलंस.’ तेव्हा कुठे हसली. मग मी तिला सोडा सांगितला. आजवर कुणाला सांगितला नव्हता, म्हणजे माझ्या बाजूनं नव्हता. भजीची गोष्ट म्हणून तिनं ती धारवाडच्या आजीकडून शंभरदा ऐकलेली.

आता ती सगळं नव्यानं करतेय. काही हलवायच्या आधी प्रत्येक चिठ्ठी कुणाची ते ठरवायचं, तिला त्या ओळीशी बांधायचं, आणि ओळ हलली की चिठ्ठी तिच्याबरोबर गेलीच पाहिजे. मी शहाणपणा केला, म्हटलं सोपं आहे, प्रत्येक चिठ्ठी तिच्याखालच्या ओळीला बांध. ती म्हणाली, ‘नाही गं आज्जी, ओळीच्या शेपटाला लिहिलेली चिठ्ठी त्याच ओळीची असते, आणि काही चिठ्ठ्या सगळ्या यादीच्या असतात. काही तर रिकाम्या जागेतच असतात, खाली ओळच नसते.’ मला हे सुचलं नव्हतं. मग विचारलं, आणि कुणाची ते कळलंच नाही तर? म्हणाली, ‘तर तो तुकडा हलवायचाच नाही. वाकडा दिसला तरी दिसू दे.’ साहेबाला वाकडं आवडत नाही, रोज कुरबुर चालते. ती ऐकत नाही. म्हणते, सुंदर दिसायला म्हणून मी खोटं मांडणार नाही. हे वाक्य मी लक्षात ठेवलंय. त्या दिवशी तुमचं फडकं फळीवर फिरत होतं तेव्हा मला ते तुमच्या तोंडावर मारायचं होतं.

परवा तिनं विचारलं, ‘पणजीला वाचता यायचं का गं?’ मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, ‘मग तिच्याच किचनमध्ये सगळ्यांना कळतंय आणि तिला कळत नाही असं काहीतरी लिहिलेलं होतं.’  रात्री विचार केला. असेल. तुम्हाला ते टोचत असेल. मी विचारायला हवं होतं असं काही मी म्हणणार नाही, सासूला वाचून दाखवते म्हणणारी सून त्या काळी जिवंत राहिली असती का? पण कळलं. कळलं म्हणजे सोडलं असं मात्र समजू नका. लिहिलं मी, हलवलं तुम्ही, आणि बोल लागला मला. तुम्ही वर असा नाहीतर खाली असा, हे एवढं ऐकून घ्या.

हे पाठवायचं कुठे? वाचता तुम्हाला येत नाही, आणि दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्याल असा तुमचा स्वभाव नव्हता. राहू दे इथेच, चहाच्या डब्याखाली.

तर सांगायचं म्हणजे, काल नातीकडून चिकटपट्टी आणि जाड पेन मागून घेतलं आणि इथल्या सगळ्या डब्यांवर मी माझ्या हातानं नावं लिहिली. फळीवर नाही, डब्यावर. आता कुणी कुठेही हलवा. इथे धुण्याचा सोडा लागत नाही, मशीन आहे, तरी त्याचाही एक डबा केला आणि नाव घातलं.

नावं घालून झाल्यावर डबे परत फळीवर लावले. उंच डावीकडे, ठेंगणा उजवीकडे. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं ते डोळ्यांना बरे दिसतच नाहीत.