मोलगीकडे ठेवलेला बैल

आबा, तुमच्या म्हाताऱ्या बैलाबद्दल मी तुम्हाला जे सांगितलं होतं ते खरं नव्हतं. त्याला मोलगीच्या बाजूला कुणाकडे ठेवलं नव्हतं. विकला होता. तुम्ही जाऊन आता पंचवीस वर्षं होतील आणि हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय. लिहून काही झालं नाही. छाती धडधडली नाही, डोळे भरले नाहीत. बाहेर नळाला पाणी आलंय, तुमची सून बादल्या भरतेय, आणि मी कचेरीतल्या सवयीने कागदाला समास सोडून बसलोय.

आत्ताच का, ते सांगतो. तुमच्या खाटेखाली भातुकली मांडणारी तुमची नात आता पुण्यात चांगल्या नोकरीला आहे. तिने आम्हा दोघांना जहाजाने फिरायला नेलं. सात मजली इमारत पाण्यावर चालते म्हटलं तर तुम्ही मला दोन शिव्या घातल्या असत्या, पण चालते. आत जेवणाचे पन्नास प्रकार आणि तुमच्या सुनेने तरीही बॅगेतून तिखट शेव काढली. तिसऱ्या दिवशी जहाज थायलंडच्या एका बेटाला लागलं. तिथून बसने आम्हाला डोंगरात नेलं, म्हाताऱ्या हत्तींना सांभाळतात अशा ठिकाणी. काम करून थकलेले, पाय अधू झालेले, एक डोळा गेलेले असे सात-आठ हत्ती. सोंडेने केळी घेतात, तळ्यात बसतात, बस्. त्यांच्याकडून कुणी काही करून घेत नाही. गवताची टोपी घातलेली एक मुलगी माहिती सांगत होती आणि लेक ती मराठीत करून देत होती. एका हत्तिणीच्या पायाला साखळीचा काळा करकोचा होता. तिने जन्मभर जंगलात ओंडके ओढले, म्हणे. मी ऐकत होतो, खरं म्हणजे बसच्या प्रवासाने पाय अवघडले होते तेवढंच मला कळत होतं.

मग त्या मुलीने आमच्या ओंजळीत चिखल दिला. हत्तिणीच्या अंगाला लावा, तिला बरं वाटतं, कुठेही लावा. लोक सोंडेला लावत होते, कानाला लावत होते, फोटो काढत होते. मी सरळ तिच्या मानेशी गेलो. जिथे जू बसतं तिथे. हत्तीला वशिंड नसतं हे मला ठाऊक आहे आबा, पण हात आपोआप तिथे गेले आणि खालून वर, अंगठे दाबत, मी तिचा खांदा मळायला लागलो. पोळ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही हळद-तूप लावून मळायचे तसा. तिचं कातडं गरम होतं आणि त्यावर ज्वारी कापल्यावर राहतो त्या सडासारखे राठ केस. तोंडातून बैलांना द्यायचं आवतन निघून गेलं, "आज आवतन ल्या, सकाय जेवाले या." तुमची सून मागून म्हणाली, "काय करी ऱ्हायनात हो? हत्ती शे तो, बैल नही!" लेक हसत हसत मोबाइलवर चित्रण करत होती. आजूबाजूचे परदेशी लोकही हसले. मीही हसलो असेन. चित्रणात हसतोय तरी.

निघताना त्या मुलीने सांगितलं, या हत्तिणीचा पूर्वीचा मालक अजून दर काही महिन्यांनी येतो. म्हातारा आहे, बस बदलून येतो, तळ्याकाठी दुपारभर बसतो आणि जातो. मी लेकीला म्हटलं, विचार, तो तिला काय आणतो? लेक म्हणाली, "बाबा, असं काय विचारताय?" तिने विचारलं नाही. मी बसमध्ये जाऊन बसलो.

तुम्हाला आठवत असेल, मी कॉलेजात असताना वखरावर होतो आणि त्याच बैलाला, तो तेव्हा तरणा होता, पराणीच्या टोकाची आर टोचली. तुम्ही बांधावरून चालत आलात. ओरडला नाहीत. माझ्या हातातून पराणी घेतली आणि आर माझ्या मांडीला लावून दाबली, रक्ताचा ठिपका येईपर्यंत. "लागनं का? त्याले बी असंच लागस." मग पराणी बांधापलीकडे फेकली आणि स्वतः वखर धरलात. आपल्या घरी त्यानंतर पराणी आली नाही. मला तेव्हा तुमचा भयंकर राग आला होता. चार दिवस तुमच्याशी बोललो नव्हतो.

आणि त्याच बैलाला मी बाजारात नेलं. तुम्ही पडून खुबा मोडला, नंदुरबारच्या दवाखान्यात होतात, आई तुमच्याजवळ. रनाळ्याच्या घराला कुलूप. मी धडगावला कचेरीत, रजा संपलेली. शेजारी पाणी दाखवायचे, पण रोज कोण दाखवणार? जोडीतला दुसरा आधीच गेलेला, हा उठताना दोनदा घसरायचा. ही सगळी कारणं खरी आहेत. पण तुम्हाला विचारता आलं असतं, दवाखाना काही विलायतेत नव्हता. मी विचारलं नाही, कारण तुम्ही काय म्हणाल हे मला माहीत होतं. व्यापाऱ्याने त्याचं तोंड उघडून दात पाहिले आणि ट्रकला फळी लावली. तो चढेना. मागून मी ढकललं. तो ट्रक कुठे जातो हे बाजारात सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं.

दवाखान्यात तुम्ही पहिलं हेच विचारलं, "बैलले कोन देखस?" मी म्हणालो, आमच्या कचेरीतला शिपाई मोलगीकडचा आहे, त्याच्या घरी ठेवलाय. घाटातून तिथवर कोणी पाहायला जाणार नाही, म्हणून मोलगी. पण तुमचा चेहरा असा उजळला की मग मला थांबता येईना. दर शनिवारी जीपने उतरून यायचो आणि काहीतरी नवं सांगायचो. डोंगरात गवत कमरेइतकं आलंय. शिपायाची म्हातारी त्याला मोहाच्या झाडाखाली बांधते. आता घसरत नाही. तुम्ही आईला म्हणायचे, "मन्हा पोऱ्यानी बैलनी सोय करी दिन्ही." आबा, एवढं कौतुक तुम्ही माझं नोकरी लागली तेव्हाही केलं नव्हतं. ते मला हवंहवंसं वाटायचं, हेही लिहून टाकतो.

परत आल्यावर लेकीने ते चित्रण आईला दाखवलं. आई आता ऐंशीच्या पुढे आहे, मोबाइल डोळ्याला लावून बघते. तीनदा बघितलं. म्हणाली, "तुन्हा बापनागत मयस रे." मग म्हणाली, "तो मोलगीवाला बैल, त्यानं मंग काय जायं?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. लेक, तुमची सून, सगळे माझ्याकडे बघत होते. सांगायची यापेक्षा चांगली वेळ येणार नव्हती. मी म्हणालो, म्हातारा होऊन गेला, तिथेच पुरला, शिपायाच्या शेतात. आईने हात जोडले. तर आता पुरलाही आहे तो. तेव्हापासून मला काहीच वाटत नाहीये, आणि त्याचीच थोडी भीती वाटते.

आईला सांगणार नाही. तिची उरलेली वर्षं मी कशाला नासवू? असं म्हणतोय, पण ते तिच्यासाठी आहे की माझ्यासाठी, याची मला खात्री नाही. हा कागद कुठे पाठवायचा नाही. कचेरीतल्या जुन्या कागदांत ठेवून देईन, ते कुणी उघडत नाही.

फक्त एक राहिलं. तुमच्या शेवटच्या पोळ्याला तुम्ही घरी आला होतात, पण खाटेवरच. गोठ्यात नुसता खुंटा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धडगावला निघालो तेव्हा तुम्ही आईकडून पुरणाची पोळी फडक्यात बांधून घेतली. म्हणालात, "तठे कोनी त्याना खांदा मयी का? तूच मय. आनि ही पोयी त्याले तुन्हा हातनी खावाड." मी पिशवीत ठेवली. घाटात जीप तापली म्हणून ड्रायव्हरने थांबवली, सगळे उतरले. मी दगडावर बसून फडकं सोडलं. तूप थिजलं होतं. पुढच्या शनिवारी तुम्ही विचारलंत, "खादी का रे त्यानी?" मी म्हणालो, सगळी खाल्ली.

आबा, मला भूक लागली होती.