नळाचा प्रश्न

नागपूर,
४ ऑगस्ट १९५७

तीर्थरूप दादांच्या पायांवर धाकट्या जंगलूचे डोके.

संशोधन कचेरीत आता मशीनवर रुळलो. मुलांच्या परीक्षेतली उत्तरे कार्डांवर भोके पाडून उतरवायची. मग मशीन हुशार आणि मंद वेगळे काढते. तिला जात दिसत नाही, म्हणून माणसांपेक्षा बरी वाटते. पुढल्या महिन्यात साहेब नवेगावकडे येतील. तुमच्या शाळेतली पोरे परीक्षेला बसवा. निकालावरून वसतिगृहाच्या जागा ठरणार आहेत. आपली मंगली नक्की लागेल. मग काकाकडे नागपूर बघायला पाठवा. वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो उणा पडू नये.

आपला जंगलू

नवेगाव बांध,
१८ नोव्हेंबर १९५७

चि. जंगलूस दादाचा आशीर्वाद.

निकाल आला. आमची सगळी पोरे मंद निघाली, मंगलीसुद्धा. जागा गोंदिया-तिरोड्याच्या पोरांना गेल्या. अरे, प्रश्न मराठीत, पोरे घरी गोंडी बोलणारी, आणि मला समजावून सांगायची मनाई. नळाला पाणी आले नाही तर काय कराल, असा एक प्रश्न. मंगलीने लिहिले, तलावावर जाईन. साहेब म्हणाले, चूक. नगरपालिकेला कळवायचे असते. इथे नळ पाहिलाय कोणी? गोंडी तर तुलेही येते. तू काऊन बोलला नाहीस? पोरीची परीक्षा पुन्हा घ्यायला सांग.

तुझा दादा

नागपूर,
२ डिसेंबर १९५७

ती. दादांस जंगलूचा नमस्कार.

साहेबांशी बोललो. ते म्हणाले, मशीन पक्षपात करत नाही. शिवाय निबंध छापायला गेला. जंगलपट्टीतली मुले जात्याच मंद, असे त्यात आहे. मी म्हटले, मीही तिथलाच. ते हसून म्हणाले, तू अपवाद. जानेवारीत त्यांना आणखी पोरे हवी आहेत. नाही म्हणू नका, दादा. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे.

आपलाच जंगलू

नवेगाव बांध,
२० जानेवारी १९५८

चि. जंगलूस आशीर्वाद.

परवा साहेबांची जीप आली. मी शाळेला कुलूप लावून पोरे घेऊन रानात गेलो. माझी बदली होईल म्हणतात, होऊ दे.

मंगली माझ्याआधी तोंडी हिशेब करायची. काल साधी बेरीज दिली, तर तिने पाटी शेजारच्या पोराकडे सरकवली. मी रागावलो. रडली नाही. उलट मलाच समजावू लागली की, बाबा, मले नाही येत जी, मशीननं सांगतलं ना.

लोभ आहे. पोरे मागू नकोस.

धनीराम